सिंपथी आणि एम्पथी : अर्थ, वापर आणि समीक्षा

इंग्रजीतील ‘सिंपथी’ आणि ‘एम्पथी’ हे दोन शब्द आज बहुधा जोडीने उच्चारले जातात, आणि ते जोडीने आले की त्यांच्यातील श्रेणीही गृहीत धरली जाते. सिंपथी म्हणजे दुःखिताकडे काठावर उभे राहून पाहणे, एम्पथी म्हणजे त्याच्या दुःखात उतरणे. पहिली सोपी आणि काहीशी वरपांगी, दुसरी अवघड आणि म्हणून श्रेष्ठ, अशी ही समजूत आहे. मराठीत पहिल्या शब्दासाठी ‘सहानुभूती’ हा प्रतिशब्द दीर्घकाळ स्थिरावला आहे. दुसऱ्यासाठी ‘समानुभूती’, ‘तदनुभूती’ असे शब्द योजले जातात. साहजिकच ही श्रेणी मराठी समीक्षेतही उतरली. एखाद्या लेखकाजवळ आपल्या पात्रांविषयी ‘केवळ सहानुभूती’ आहे असे म्हणणे हा दोषनिर्देश ठरतो, तर तो पात्रांशी ‘तद्रूप’ झाला आहे असे म्हणणे हा गौरव ठरतो. ही श्रेणी शब्दांच्या इतिहासाला धरून आहे काय, आणि साहित्यकृतीचे मूल्यमापन करताना ती कितपत विश्वासार्ह आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘पॅथॉस’ हा ग्रीक शब्द आहे. सोसणे, भोगणे, मनावर उमटणे असा त्याचा अर्थ. सिंपथीतील उपसर्ग ‘सह’ या अर्थाचा, तर एम्पथीतील उपसर्ग ‘आत’ या अर्थाचा. दोन शब्दांतील सगळा भेद या दोन लहान उपसर्गांत साठलेला आहे. मात्र वयाच्या दृष्टीने त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. सिंपथी हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आढळतो. प्रारंभी त्याचा रोख माणसांच्या मनापेक्षा वस्तूंच्या परस्परसंबंधाकडे अधिक होता. शरीराच्या एका अवयवाला झालेला विकार दुसऱ्या अवयवात उमटणे, दोन पदार्थांनी एकमेकांकडे ओढले जाणे, एक तार छेडली असता शेजारची न छेडलेली तार झंकारणे, या सर्वांना हाच शब्द होता. सतार किंवा सारंगी यांच्या तरफेच्या तारांना इंग्रजीत आजही याच शब्दापासून झालेले विशेषण लावले जाते. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने माणसामाणसांतील भावनांचे संक्रमण समजावून सांगताना सारख्या ताणलेल्या तारांचाच दाखला दिला. हा दाखला अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तरफेची तार झंकारते ती स्वतःच्या जागी राहून. ती मुख्य तारेची जागा घेत नाही.

या शब्दाला नैतिक विचारात मध्यवर्ती स्थान मिळवून दिले ते अ‍ॅडम स्मिथने, १७५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ या ग्रंथात. शब्दाच्या वापराविषयी स्मिथ सावध होता. हा शब्द पूर्वी दयेच्या अर्थाचा असला, तरी आता कोणत्याही भावनेतील सहभागासाठी तो वापरण्यास हरकत नसावी, असे तो प्रारंभीच नोंदवतो. म्हणजे सिंपथीचा ‘कीव’ हा अर्थ त्याने ग्रंथाच्या पहिल्याच पानांत मागे टाकला होता. दुसऱ्याच्या यातनांची जाणीव इंद्रियांना होऊ शकत नाही. कल्पनेने त्याच्या परिस्थितीत स्वतःला ठेवूनच ती करून घ्यावी लागते, ही त्याची मूळ भूमिका. याच ग्रंथात पुढे तो प्रसूतीच्या वेदनांचे उदाहरण देतो. पुरुषाला त्या वेदना स्वतःच्या ठिकाणी कल्पिता येणे शक्य नाही, तरीही तो त्या स्त्रीच्या दुःखात सहभागी होऊ शकतो. आज एम्पथीच्या नावावर जमा केला जाणारा बराचसा आशय अशा रीतीने सिंपथी या शब्दात दीड-दोनशे वर्षे सुखाने नांदत होता. कीट्सने १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये एका पत्रात खिडकीसमोर दाणे टिपणाऱ्या चिमणीच्या अस्तित्वात आपण सहभागी होतो असे लिहिले. त्या अनुभवाला एम्पथी म्हणण्याची सोय त्याला नव्हती, कारण तो शब्द तेव्हा इंग्रजीत अस्तित्वातच नव्हता.

स्मिथच्या विवेचनातील आणखी एक सूत्र लक्षात घेण्याजोगे आहे. सिंपथी ही दुसऱ्याच्या भावनेपेक्षा त्याची भावना जागवणाऱ्या परिस्थितीतून निर्माण होते, असे त्याने म्हटले. बुद्धिभ्रंश झालेला माणूस हसत-गात असतो. त्याला स्वतःला दुःख नसते. तरी त्याला पाहणाऱ्याचे मन कळवळते. येथे पाहणारा त्या माणसाच्या ‘आत’ शिरला असता, तर त्याला केवळ हसू सापडले असते. त्याची दशा कळते ती बाहेर राहिल्यामुळेच. बाहेर राहणे हा म्हणून सर्वत्र दोष नाही. काही सत्ये तेथूनच दिसतात.

एम्पथी या शब्दाची जन्मकथा अगदी वेगळी आहे. तो दुःखाच्या नव्हे, सौंदर्याच्या विचारातून आला. रोबेर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने १८७३ मध्ये दृश्य आकारांच्या आस्वादाविषयी लिहिताना ‘आइनफ्यूलुंग’, म्हणजे ‘आत जाऊन अनुभवणे’, ही संज्ञा वापरली. थिओडोर लिप्सने तिचा विस्तार केला. इंग्लंडमध्ये व्हर्नन ली या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्हायोलेट पॅजेट यांनी १८९७ मध्ये क्लेमेंटिना अ‍ॅन्स्ट्रदर-थॉमसन यांच्यासह लिहिलेल्या लेखात खुर्ची, भांडे, इमारत यांच्याकडे पाहताना शरीरात होणाऱ्या सूक्ष्म हालचालींच्या नोंदी केल्या. १९१३ च्या आपल्या पुस्तकात डोंगर ‘उठतो’ असे बोलण्याच्या रीतीचे विश्लेषणही त्यांनी केले. डोंगर उठत नाही. पाहणाऱ्याच्या ठिकाणची उठण्याची क्रिया डोंगराला चिकटते. जर्मन संज्ञेसाठी ग्रीक मुळावरून ‘एम्पथी’ हा शब्द इंग्रजीत छापील रूपात आणला तो कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनरने, १९०९ मध्ये.

म्हणजे आज माणुसकीचा निकष म्हणून मिरवणारा हा शब्द मुळात खांब, भांडी आणि डोंगर यांच्यासाठी घडवला गेला होता. ही केवळ कोशातली गंमत नाही. ज्यांच्यात ‘शिरायचे’ त्या वस्तू मुक्या होत्या. ‘तुझा अनुभव माझा नाही’ असे भांडे म्हणू शकत नाही. पाहणाऱ्याने स्वतःची हालचाल, स्वतःचा ताण वस्तूत घालायचा आणि मग तो वस्तूचाच म्हणून अनुभवायचा, ही प्रक्रिया वस्तूंच्या बाबतीत निरुपद्रवी असते. माणसांच्या बाबतीत तिच्यातूनच प्रश्न उद्भवतो.

हा प्रश्न फार लवकर ओळखला तो एडिथ स्टाइन या जर्मन तत्त्वज्ञ स्त्रीने. हुसेर्लच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेल्या आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात तिने लिप्सच्या डोंबाऱ्याच्या उदाहरणाची फेरतपासणी केली. उंचावर कसरत करणाऱ्याकडे पाहताना प्रेक्षक त्याच्याशी एकरूप होतो, असे लिप्सचे म्हणणे होते. स्टाइनच्या मते प्रेक्षक त्याच्याशी एक होत नाही. तो त्याच्या सोबत असतो. दुसऱ्याचा अनुभव दुसऱ्याचा म्हणून दिसणे हेच या जाणिवेचे वैशिष्ट्य होय. एकरूपतेचा दावा आला की दुसरा माणूस नाहीसा होतो आणि उरतो तो फक्त पाहणारा. एम्पथीचे स्वरूप शोधता शोधता स्टाइन अशा प्रकारे पुन्हा ‘सह’ या उपसर्गाजवळ आली.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा शब्द सौंदर्यशास्त्रातून मानसोपचाराच्या क्षेत्रात गेला आणि तेथून सर्वसामान्य व्यवहारात आला. कार्ल रॉजर्सने १९५७ मध्ये उपचारकाच्या ठिकाणी आवश्यक असणाऱ्या गुणांत त्याची गणना केली, परंतु एका अटीवर : रुग्णाचे जग ‘जणू’ स्वतःचे आहे असे अनुभवावे आणि तो ‘जणू’ कधीही सुटू देऊ नये. पुढील लोकप्रिय वापरात शब्द राहिला, अट गळून पडली. त्याआधीच रंगभूमीवर ब्रेख्त जर्मन ‘आइनफ्यूलुंग’च्या विरोधात उभा राहिला होता. पात्रांशी तद्रूप झालेला प्रेक्षक परिस्थिती अटळ मानतो, ती बदलण्याचा विचार करीत नाही, हा त्याचा आक्षेप. अलीकडे मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी २०१६ मध्ये एम्पथीच्या विरोधात पुस्तकच लिहिले. प्रकाशझोत एका जागी पडला की इतर सर्व अंधारात जाते. तसे एका चेहऱ्याशी तादात्म्य पावणारे मन असंख्य अनाम माणसांचे दुःख विसरते, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे.

प्रत्यक्ष भाषेतील वापर पाहिला तर दोन शब्दांचे क्षेत्र आणखी स्पष्ट होते. सिंपथी ही अनेकवचनात येऊ शकते. तेव्हा तिचा अर्थ राजकीय किंवा वैचारिक कल असा होतो. एखाद्या पक्षाचा ‘सहानुभूतीदार’ असतो, एका कारखान्यातील कामगारांच्या समर्थनार्थ दुसऱ्या कारखान्यात सहानुभूतीचा संप होतो. इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतरच्या १९८४ च्या निवडणुकीपासून ‘सहानुभूतीची लाट’ हा शब्दप्रयोग भारतीय भाषांत रुळला आहे. समानुभूतीदार, समानुभूतीचा संप किंवा समानुभूतीची लाट असे कोणी म्हणत नाही. कारण सिंपथीत बाजू घेण्याचा, सोबत उभे राहण्याचा अर्थ आहे. एम्पथीत तो नाही. एम्पथी हा मूलतः जाणण्याचा शब्द आहे. जाणणारा मनुष्य जाणलेल्याचे भले चिंतीलच असे नाही. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’मधील इयागो हे याचे ठळक उदाहरण. ऑथेल्लोच्या मनाचा कोपरा न् कोपरा त्याला ठाऊक आहे. संशयाचा काटा नेमका कोठे रुतेल हे तो त्या मनात शिरूनच जाणतो. त्याच्यापाशी एम्पथी आहे, सिंपथीचा लवलेश नाही. उलट, दुसऱ्याचे दुःख पुरतेपणी न समजताही त्याच्या शेजारी उभी राहणारी माणसे वाङ्मयात आणि जीवनात कमी नाहीत.

भारतीय काव्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नव्हता. भट्टनायकाचा साधारणीकरणाचा विचार आणि अभिनवगुप्ताची ‘हृदयसंवाद’ व ‘तन्मयीभवन’ ही पदे एम्पथीच्या जवळ नेणारी म्हणून अनेकदा उद्धृत केली जातात. परंतु रसास्वादातील विघ्ने सांगताना अभिनवगुप्ताने अनुभव केवळ आपलाच मानणे आणि केवळ परक्याचाच मानणे, या दोहोंनाही विघ्न म्हटले, हे विसरता येत नाही. क्रौंचवधाच्या प्रसंगाविषयीही त्याचा निर्वाळा असाच आहे. श्लोकरूप पावलेला शोक हा मुनीचा वैयक्तिक शोक नव्हे. मुनी स्वतःच त्या दुःखाने व्याकुळ झाला असता तर काव्य संभवले नसते. मराठीत न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना याच परंपरेशी नाते सांगते. वाचक परक्या जीवनात रममाण होतो, पण स्वतःचे भान गमावून नव्हे. समाधी आहे, परंतु विकल्पासहित. रॉजर्सचा ‘जणू’ आणि केळकरांचा ‘सविकल्प’ यांचे प्रयोजन एकच आहे. परकायाप्रवेशाच्या भारतीय कथाही हेच सुचवतात. अमरूच्या देहात शिरलेल्या शंकराचार्यांचा मूळ देह शिष्य जपून ठेवतात, कारण परतण्याची वाट उघडी नसेल तर तो प्रवेश म्हणजे स्वतःचा लोप होय.

या पार्श्वभूमीवर मराठी प्रतिशब्दांकडे पाहता एक विसंगती दिसते. ‘सहानुभूती’ हा शब्द अवयवशः अत्यंत समृद्ध आहे : सोबत राहून, मागोमाग घेतलेला अनुभव. व्यवहारात मात्र त्याला कीव आणि उपचार यांची छटा चिकटली. ‘समानुभूती’ या शब्दातील ‘सम’ तर मूळ इंग्रजी शब्दापेक्षाही मोठा दावा करतो. एम्पथी फक्त ‘आत’ म्हणते. ‘सम’ म्हणजे तोच, तेवढाच अनुभव. आणि असा दावा मराठी भाषेच्या लोकव्यवहाराने कधीच सहजासहजी मान्य केलेला नाही. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण त्या दाव्याला दिलेले जुने उत्तर आहे. मात्र याच भाषेत ‘कळवळा’ आणि ‘कणव’ हे शब्दही आहेत. त्यांत समानतेचा दावा नाही आणि तटस्थपणाही नाही.

साहित्याच्या परीक्षणात या भेदाचे मोल किती, हे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीवरून समजते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एका पुरुष लेखकाने यमूचे आत्मकथन लिहिले. ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या या बालविधवेच्या निवेदनाला परकायाप्रवेशाचा उत्तम नमुना म्हणून वाखाणले गेले, ते योग्यच आहे. परंतु कादंबरीचे शीर्षक तद्रूप होण्याची मागणी करीत नाही. लक्षात घेण्याची मागणी करते. तो प्रश्न यमूच्या आतून येतो तितकाच तिच्या शेजारी उभ्या असलेल्या लेखकाकडून वाचकाला विचारला जातो. त्याआधीच, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून स्त्री स्वतः बोलू लागली की सूर किती वेगळा लागतो हे दाखवले होते. यमूच्या निवेदनात सोसणे आहे. ताराबाईंच्या लेखनात जाब विचारणे आहे. पहिले दुसऱ्याची जागा भरून काढू शकत नाही, आणि दुसऱ्यामुळे पहिले निरर्थकही ठरत नाही.

हाच प्रश्न दलित साहित्याने अधिक तीव्रतेने उभा केला. श्री. म. माटे यांचे ‘उपेक्षितांचे अंतरंग’ १९४१ मध्ये आले. माट्यांनी अस्पृश्यांच्या मुलांना अनेक वर्षे शिकवले होते; त्यांचा कळवळा अनुभवातून आलेला होता. तरीही ‘अंतरंग’ या शब्दातील दावा पुढे उपेक्षितांनीच तपासून पाहिला. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनांनी जे सांगितले ते कोणत्याही परकायाप्रवेशाला पूर्वी दिसले नव्हते. हिंदीतही ‘सहानुभूती’ विरुद्ध ‘स्वानुभूती’ असा वाद उभा राहिला आणि प्रेमचंदांच्या ‘कफन’चे पुनर्वाचन झाले. ज्या भांड्यात सौंदर्यशास्त्रज्ञ शिरत होता, ते भांडे जणू बोलू लागले.

या संदर्भात बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा मूलगामी ठरते. याच नावाचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. रेल्वेत नोकरी मिळालेला दलित तरुण परक्या गावात जात लपवून एका सवर्ण सहकाऱ्याच्या घरी राहतो. तेथे त्याला आदर मिळतो, जिव्हाळा मिळतो. यजमान त्याला आपला मानतो. जात उघड होते आणि त्याच हातांचा मार त्याला खावा लागतो. यजमानाचे प्रेम खोटे नव्हते, हीच या कथेची धार आहे. त्या प्रेमाला आधार होता तो साम्याच्या समजुतीचा : हा माझ्यासारखा आहे, म्हणून याचे सुखदुःख माझे. साम्य ओसरताच अनुभूतीही ओसरली. समानुभूतीची मर्यादा मराठीत याहून नेमकेपणाने क्वचितच दाखवली गेली असेल. दुसरा ‘सम’ नाही हे कळल्यानंतर जे टिकते, त्यालाच सहानुभूती हे नाव शोभते.

यावरून एम्पथी त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची शक्ती नसेल तर कथा-कादंबरी लिहिलीच जाणार नाही, आणि वाचलीही जाणार नाही. केवळ स्वानुभवालाच लिहिण्याचा अधिकार दिला, तर प्रत्येक जण आपल्याच अंगणात कोंडला जाईल. खुद्द बागुलांना यजमानाच्या घरातील माया इतक्या बारकाईने रंगवता आली ती त्या शक्तीमुळेच. प्रश्न शक्तीचा नाही, तिच्या नावाने केल्या जाणाऱ्या दाव्याचा आहे. लेखक पात्राच्या आत किती खोल शिरला, एवढेच विचारून समीक्षेचे काम संपत नाही. त्या पात्राला उलट बोलण्याची जागा त्याने ठेवली आहे काय, आपण आणि पात्र यांतील अंतर त्याने झाकले आहे की उघडे ठेवले आहे, आणि ते अंतर ओळखूनही तो कोणाच्या बाजूला उभा आहे, हे प्रश्न त्यानंतर येतात. पहिला प्रश्न एम्पथीचा आहे, नंतरचे सिंपथीचे.

दोन शब्दांपैकी एक वरचा आणि एक खालचा, ही मांडणी म्हणूनच सोडून द्यावयास हवी. साहित्याच्या अभ्यासकाने ‘केवळ सहानुभूती’ असे लिहिण्यापूर्वी त्या ‘केवळ’चा पुनर्विचार करणे इष्ट. तरफेची तार मुख्य तारेचा स्वर आपला म्हणून सांगत नाही, पण त्या स्वराशिवाय ती बोलतही नाही. सतारीच्या नादाला भराव येतो तो तिच्यामुळेच. ‘सह’ या उपसर्गात एवढे सामर्थ्य आहे, हे चार शतके वयाच्या त्या जुन्या इंग्रजी शब्दाने जपून ठेवले आहे, आणि ‘सहानुभूती’ या मराठी शब्दातही ते अद्याप शिल्लक आहे.